‘पुन्हा’ म्हणणाऱ्या बाई

सोमवार, ८ सप्टेंबर

वर्गातल्या जोडीदाराबरोबर घडाघडा वाचणारी मुलगी माझ्या टेबलाशी आली की मुकी का होते? माहीत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, पण पदवीच्या एकाही पुस्तकात हे नव्हतं.

दुसरीच्या वर्गात कोपरे मांडून महिना होत आला. बाकं भिंतीला लावलीत. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याची अक्षरं जुळवायची, एकात जोडीने वाचायचं, खिडकीखाली चित्र बघून लिहायचं. चौथा गट माझ्या टेबलाशी – तिथे मी एकेकाचं वाचन ऐकते. टाळी वाजली की गट पुढच्या कोपऱ्यात. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी डोकावून विचारलं, वर्ग आहे की बाजार? बाजारात निदान सगळे बोलतात तरी!

माझी चिमणी सोडून. (हे नाव फक्त या वहीत.) मोठ्या बाईंचं ठरलंय – शुक्रवारी त्या स्वतः ऐकणार. नाही वाचलं, तर तिला पहिलीत बसवणार. आज कपाटाआडून मी तिचं जोडीतलं वाचन चोरून ऐकलं. आवाज बारीक, पण एक शब्द अडला नाही. हे मोठ्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “कपाटाआडून मी नाही हो ऐकणार.”

मंगळवार, ९ सप्टेंबर

पुस्तक बदललं. खुर्ची बाजूला सारून तिच्याशेजारी खाली बसले. मग जोडीत तिने वाचलेलंच पान मी पुढे केलं. तिने पहिला शब्द वाचला, थांबली. संपलं!

बुधवार, १० सप्टेंबर

एक लक्षात आलं – ती पानाकडे बघतच नाही. माझ्या तोंडाकडे बघते. कशाची वाट बघत असेल?

गुरुवार, ११ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत पोरी शाळा-शाळा खेळत होत्या. चिमणी बाई झाली होती. ओढणी नव्हती, म्हणून खांद्यावर रुमाल टाकलेला. दुसरी मुलगी हातात पान धरून खोटंखोटं वाचत होती. चिमणीने डोकं तिरकं केलं, भुवया वर केल्या आणि म्हणाली, “पुन्हा.” तिने परत वाचलं. “पुन्हा.” शेवटी ती पोर खोटंखोटं रडायला लागली, तशा सगळ्या खदखदून हसल्या.

मीही हसले. मग ओळखलं. डोकं तिरकं, भुवया वर – मीच ती!

मी कुणाला कधी ‘चुकलं’ म्हणत नाही, याचा केवढा अभिमान होता मला! ‘पुन्हा’ म्हणते, गोड आवाजात. चुकलं तरी पुन्हा, बरोबर आलं तरी जरा ओघ यावा म्हणून पुन्हा. त्यांना कसं कळणार कुठलं ‘पुन्हा’ कशासाठी?

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “अगं, मीही तुला तेच म्हणायचे की.”

खरंच! मी शाळेतून आले की तिला धडा वाचून दाखवायचे. ती म्हणायची, पुन्हा वाच. आणि मी आनंदाने फुगून टम्म! का बरं मला रडू यायचं नाही?

“मला कुठे वाचता येतंय? बरोबर का चूक, मला काय कळणार?” आई म्हणाली. “गोष्ट आवडायची, म्हणून म्हणायचे.”

घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला. शब्द मी घरातून उचलून शाळेत नेला. आवडणं घरीच राहिलं.

मग आईला एक विचारलं. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, “येते. पण मला फळ्यापाशी उभी करू नकोस म्हणजे झालं.”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मोठ्या बाई यायच्या आधीच माझं टेबल व्हरांड्यात काढलं. त्या जागी सतरंजी घातली आणि आईला बसवलं. परवानगी मागितली नाही.

चिमणी अडखळत अर्धं पान वाचून थांबली. आई म्हणाली, “कासवाचं पुन्हा वाच गं, मजा आली.” चिमणीने चटकन माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

“नीट ऐका हं, आजी,” चिमणी म्हणाली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. दारात मोठ्या बाई कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलंच नाही. पान संपेपर्यंत त्याही हलल्या नाहीत. जाताना पहिलीचं नाव काढलं नाही. टेबलाचं मात्र विचारलं.

ते तोवर मी शेजारच्या बाईंना देऊन टाकलं होतं.