चौथं पान

३ जुलै

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. उजवा गुडघा कुरकुरतो, पण त्याला मी बोलू देतो. घरात तेवढाच एक आवाज. तू आणि तुझी लेक खुशाल असाल असं धरून चालतो. सव्वीस वर्षांत असं धरून चालायचा मला चांगला सराव झाला आहे.

पत्ता दादानं दिला. मी त्याला विचारलं, "मी लिहिलं तर चालेल का रे तिला?" तो म्हणाला, "बाबा, ती नको म्हणालेली नाही." एवढ्या आधारावर लिफाफा आणला.

आता बातमी. हसू नकोस. मी कॉलेजात नाव घातलं आहे.

खिडकीतल्या कारकुनानं माझा फॉर्म उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "काका, विद्यार्थ्याचं नाव वरच्या रकान्यात. तुमचं खाली, पालक म्हणून."

"वरच्याच रकान्यात आहे."

"बरं. मग वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"टक्के नव्हे हो, वय विचारतोय."

"वयच सांगतोय. टक्के तुमच्या प्रवेश-चाचणीत पंचावन्नच पडले."

विषय स्पॅनिश, पातळी मधली, त्यातही फक्त वाचन. पहिली पातळी घरीच केली, दोन पुस्तकं आणि रेडिओ पुढ्यात घेऊन. बोलायला म्हणशील तर मला पाणीसुद्धा मागता येणार नाही. पण डोळ्यांना थोडं थोडं उमगू लागलं आहे, पहाटे खोलीतल्या वस्तू एकेक करून दिसायला लागतात तसं.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मी मधे एकदा थांबून जिना चढतो आणि थांबलोय हे कळू नये म्हणून भिंतीवरच्या सूचना वाचतो. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या आहेत. मी मास्तर होतो हे कळल्यापासून त्या मला 'सर' म्हणतात, मी त्यांना 'बाई', आणि अख्खा वर्ग खुसुखुसु हसतो. माझ्या बाकावर एक मुलगी बसते. संध्याकाळी औषधांच्या दुकानात काम करते आणि अखंड बोलते. मी तिचं नाव टकळी ठेवलं आहे. तिला ते आवडलंय.

एक गंमत सांगतो. त्या भाषेतले कितीतरी शब्द आपल्यासारखेच स्वरावर संपतात. कविता मोठ्यानं वाचली की वाटतं, आपल्याच वर्गात दुसऱ्या शाळेची मुलं येऊन बसली आहेत. गणवेश वेगळा, पण घोकण्याचा सूर तोच. परवा माझी बोटं बाकाखाली आपोआप भुजंगप्रयाताचे लघू-गुरू मोजू लागली. तू सात वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून कविता म्हणायचीस, ती आठवलीस. कडवं विसरलीस की कपड्यांच्या घड्या घालता घालता आई नुसते ओठ हलवायची. मला दिसत नाही असं तुम्हा दोघींना वाटायचं.

वेळ जात नाही म्हणून शिकतोय, असं दादाला सांगितलं आहे. त्याला ते पटलं. तुला पटणार नाही.

गेल्या वर्षी दादानं तुला शोधून काढलं आणि तू त्याला चार-पाच निरोप पाठवलेस, सगळे स्पॅनिशमध्ये. तो ते फोनमध्ये घालतो आणि फोन मराठीत वाचून दाखवतो, "मी चांगली आहे. माझे काम ग्रंथालय आहे." ठमे, तू असं बोलत नाहीस. तुझं बोलणं मला यंत्राच्या तोंडून ऐकायचं नाही. तू काय लिहितेस ते मला स्वतः वाचायचं आहे, मग ते काहीही असो.

'मराठी लिहायला हात जात नाही' असंही त्या यंत्रानं सांगितलं. का जात नाही, ते सांगितलं नाही. ते मला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहतो असं लिहून तुझ्यावर ओझं टाकत नाही. वाचायला शिकतोय, एवढंच कळवतो.

तुझा
बाबा

१९ सप्टेंबर

प्रिय ठमे,

आशीर्वाद. पहिलं पत्र मिळालं असेल किंवा नसेल. परत आलेलं नाही, हीच माझी पोच.

आमच्या बाईंची एक पद्धत आहे. पहिल्या वाचनाला पेन खाली आणि शब्दकोश बंद. अडलं तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. मग त्या विचारतात, "कोण बोलतंय? कोणाशी? आणि त्याला काय हवंय?" तेवढं सांगता आलं की मग शब्दांना हात लावायचा.

हे मला अजिबात जमत नाही. चौतीस वर्षं मी पेन हातात घेऊनच वाचत आलो. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं म्हणजे मला चप्पल मागे राहिल्यासारखं होतं. टकळी कोपरानं ढोसते, "आजोबा, चला ना पुढे! बस सुटली तरी तुम्ही पाटीच वाचताय."

गेल्या मंगळवारी बाईंनी एक पत्र वाचायला दिलं. भाडेकरू बाईनं घरमालकाला लिहिलेलं, दीड पानाचं. स्वयंपाकघरातला नळ गळतो, भिंतीला ओल आली, तीनदा सांगून झालं, वगैरे. मी गुपचूप पेन्सिल काढली. एकतीस शब्दांखाली रेघा मारल्या. क्रियापदांचे काळ ओळखले, दोन ठिकाणी तर लेखिकेची चूक पकडली. मान वर केली तेव्हा सगळ्यांचं वाचून झालं होतं.

बाई म्हणाल्या, "सर, तिला काय हवंय?"

मी म्हणालो, "नळ दुरुस्त करून हवाय."

टकळी हळूच म्हणाली, "आजोबा, ती घर सोडून चाललीय. शुक्रवारी. शेवटी लिहिलंय ना."

मी हसलो, सगळे हसले. जिना उतरताना मात्र कठडा घट्ट धरावा लागला.

आयुष्यभर मी मुलांना विचारलं, कवीला काय म्हणायचं आहे? पाच गुण. मुलं बिचारी खाली मान घालून लिहायची.

ठमे, तुझ्या पत्राबद्दल लिहितो. तू ओळखलंच असशील की इथवर यायला मला अडीच महिने का लागले.

ते आलं तेव्हा तुला तिकडे जाऊन पाच वर्षं झाली होती. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तुझी आई तेव्हा मावशीकडे गेली होती. मी टेबलाशी बसलो, लाल पेन उघडलं आणि तुझं पत्र वही तपासावी तसं तपासलं. खाली शेरा मारला, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' नव्या पाकिटात घातलं आणि त्याच दुपारी तुला परत पाठवलं. सोबत माझी एक ओळसुद्धा नव्हती.

आई परतल्यावर तिला सांगितलं, सवयीनं हात चालला. ती म्हणाली, "सवय वह्यांची असते हो. हे लेकीचं पत्र होतं."

सवय नव्हती. दुसऱ्या पानावर तू लिहिलं होतंस की तू लग्न केलंस. करणार नव्हे, केलंस. कोणाशी, ते नाव मला धड वाचताही आलं नाही. त्या ओळीपासून मी वाचणं सोडलं आणि तपासू लागलो. राग आला होता आणि तो कसा लिहितात ते मला येत नव्हतं. लाल पेन तेवढं येत होतं.

एवढंच असतं तरी आज मी तुझ्याकडे माफी मागून मोकळा झालो असतो. आणखी आहे.

तिसऱ्या पानाच्या शेवटी मला स्वतःचीच किळस आली. मी शेरा मारला आणि घडी घातली. चौथं पान मी वाचलं नाही. तपासलंही नाही. तुला परत मिळालं तेव्हा ते कोरंकरकरीत असेल, त्यावर लाल ठिपकासुद्धा नसेल. तुला वाटलं असेल, एक तरी पान निर्दोष लिहिलं आपण.

आई विचारायची, "आणि चौथ्या पानावर काय होतं?"

"शेवटी काय असतं? सगळ्यांना नमस्कार."

तिनं तुला पाकिटावरच्या पत्त्यावर दोन पत्रं घातली. दोन्ही परत आली. तोवर तू तिथून हलली होतीस. ती अकरा वर्षांपूर्वी गेली तोवर अधूनमधून विचारतच होती, भाजी निवडताना, दिवा मालवताना, सहज विचारल्यासारखं. मी तेच उत्तर द्यायचो. नमस्कार.

काय होतं त्या पानावर? मला सांगशील का? मराठीत लिही असं म्हणत नाही. तुझा हात जाईल त्या भाषेत लिही. मी वाचीन.

बाबा

८ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं.

दादाला दाखवलं नाही, फोनला नाही, बाईंना नाही. सकाळी चहा झाल्यावर खिडकीशी बसलो आणि वाचलं. सतरा ओळी. तीन-चार शब्द अडले, पण मी थांबलो नाही. तू मुद्दाम सोपं लिहिलं आहेस, हे कळलं. तेवढी माया तुझ्याकडे अजून शिल्लक आहे, हेही कळलं. बाकीचं इतकं स्वच्छ कळलं की माझी पातळी कच्ची असती तर बरं झालं असतं.

मी काय वाचलं ते तुला मराठीत सांगतो. चुकलो असेन तर दुरुस्त कर. तो हक्क आता तुझा.

चौथ्या पानावर तुझा नवा पत्ता होता, थोड्याच दिवसांत राहायला जाणार होतीस त्या घराचा. तुला चौथा महिना होता. तू लिहिलं होतंस की बाबा रागावतील, त्यांनी नाही आलं तरी चालेल, पण आईला पाठवा. ती येईल तितके दिवस राहू दे. तिथली खिडकीजवळची खोली तिच्यासाठी ठेवली आहे.

मग तुझं पत्र तुला परत मिळालं. तरी तू थांबलीस. तुला वाटलं, बाबांनी काहीही केलं तरी आई वेगळं लिहील. मुलगी झाली त्या आठवड्यात तू पोस्टमनला दोनदा विचारलंस. पुढे त्या खोलीत पाळणा हलवला. आणि शेवटची ओळ: लाल शाईचं विसरले असते, आई आली नाही ते विसरता आलं नाही.

ही ओळ मी पुन्हा वाचलेली नाही. गरज पडत नाही.

ठमे, तुझ्या आईला काहीही माहीत नव्हतं. तू बोलावलं होतंस, हे तिला कळलं नाही. तू आई होणार होतीस, हे कळलं नाही. नवा पत्ता माझ्या हातून गेला आणि तिची पत्रं जुन्या दारावर आपटून परत आली. तुला वाटत राहिलं, आईनं पाठ फिरवली. तिला वाटत राहिलं, ठमीला आपण नकोसे झालो. आजारपणात एकदा ती तसं म्हणालीही, "पोरीला आपण नको होतो." मी उशी सारखी करत होतो. सारखी करत राहिलो.

तुम्हा दोघींच्या मधे एक कागद होता आणि त्याच्यावर मी बसलो होतो.

मलाही तेव्हा यायचं होतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नव्हतं यायचं. आता येतं मनात, रोज येतं. तुझी लेक पंचवीस वर्षांची झाली असेल. कविता म्हणते का ती? कोणत्या भाषेत म्हणते? विसरली की कोण ओठ हलवतं? पण हे माझं झालं. तुझ्याकडे मागायला आज मी लिहायला बसलेलो नाही.

सोबत एक वस्तू पाठवतो आहे. तिची दोन्ही पत्रं परत आल्यावर काही दिवसांनी तुझी आई एकटीच जाऊन पासपोर्टचा फॉर्म घेऊन आली. तुला माहीत आहे, ती एकटी कधी दुकानापलीकडे जात नसे. फोटो काढला, रांगेत उभी राहिली, सही रकान्याबाहेर गेली म्हणून दुसरा फॉर्म आणला. मी विचारलं, "कुठे निघालात बाईसाहेब?"

म्हणाली, "बोलावलं तर तयार असावं."

पासपोर्ट आला. मुदत संपली तेव्हा तिनं नवा काढला. तो संपला तेव्हा ती नव्हती. दोन्ही तिच्या साड्यांच्या कप्प्यात, सगळ्यात खाली होते. आज काढले. पहिल्यातल्या फोटोत ती थोडी घाबरलेली दिसते, दुसऱ्यात नाही. बाकी पानांवर कुठल्याच गावचा शिक्का नाही.

हे तुझे आहेत. ती तयार होती, एवढंच तुला कळायला हवं होतं, आणि ते सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुम्हा मायलेकींच्या वाटेत उभा राहिलेला, आणि आता बाजूला होत असलेला,

तुझा
बाबा