कमलचा लाडवांचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

पिंके, आधी वहीत वार टाक. काल विसरलीस, आणि विसरभोळी म्हणे आजी! मला अक्षर येत नाय, पण तू काय गाळतेस ते वाचून दाखवताना बरोबर कळतं.

लिही. आज थुंकीचा रिपोर्ट चांगला आला, टीबीचे जंतू नायत. मागच्या तपासणीत होते, आणि मी तर टीबीची एकही गोळी चुकवली नव्हती. तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "आजी, साखरेच्या गोळ्या घेता ना?"

मी म्हटलं, "मोठं दुखणं आलंय बाय, धाकट्याकडे कोण बघतंय?"

तिने कपाळाला हात लावला. "अहो, साखर वाढली की टीबी लवकर हटत नाही!"

आणि मी काय करत होते? माझी लेक कमल विचुंब्याहून ताकदीसाठी डिंकाचे लाडू पाठवायची. रोज दोन खायचे. तिसरा चोरून... हां, तेही लिही. म्हणजे औषधही मीच घेत होते आणि रोगालाही मीच जेवू घालत होते?

कमल ऐकून रडली. वेडी! तिला काय ठाऊक? टीबीच्या भीतीने शेजारीण दारातूनच परत जायची, तेव्हा तो डबाच तर न चुकता यायचा. आणि सिस्टर अजून फोन करून दोन्ही गोळ्यांचं विचारते. माझी कोण लागते ती? देव तिचं भलं करो.

दोन्ही गोळ्या अजून चालू हायत. कमलला सांग, डबा रिकामा धाडतेय, तोच भरून पाठव. लाडू नको. सुक्या कोळंबीचे सोडे भर, चांगले दाबून.