शिट्ट्या मारणारा डबा

नाना, तुमचा संगणक काल धड चालू झाला. आनंदाची बातमी म्हणून हे सांगत नाही. दोन दिवस प्रकाशा गावच्या आपल्या घरात त्या डब्यापुढे मांडी घालून बसले, गुडघे धरले, आणि सगळा वेळ मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्ही असताना ती सोय नव्हती. वडीलही तुम्हीच आणि वर्गशिक्षकही तुम्हीच. गुरुजींची तक्रार घरी करावी तर घरात तेच गुरुजी धोतर नेसून बसलेले.

आधी डब्याचं सांगते, मुद्दा सोडून बोललेलं तुम्हाला खपत नसे. निवृत्तीनंतर तुम्ही अहिराणी शब्दांची यादी टंकत होतात. ती काढून घ्यावी, जमलं तर छापावी, एवढ्यासाठी मी आले. पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर उघडली तर नुसत्या अगम्य खुणा. तुमचा तो जुना फॉन्ट तुमच्याच यंत्राला कळतो. आणि तुमचं यंत्र एवढी मोठी फाइल उघडता उघडता गोठतं, कारण मेमरी दोघांच्या स्वयंपाकाएवढी आणि पंगत गावाची. शहाद्याचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "ताई, भंगारात द्या ना, कशाला जीव काढता त्याचा?" मग तुमच्या टेबलाच्या खणात, चष्म्याच्या डबीत, मेमरीची ती दुसरी पट्टी सापडली. शेवटच्या वर्षी तुम्ही नंदुरबारहून आणलेली. अजून कोरी करकरीत.

ती दुसऱ्या खाचेत बसवली, बटण दाबलं. पडदा काळा, आणि आतून एक लांब शिट्टी. थोडं थांबून पुन्हा एक. ओसरीवरून माय ओरडली, "आते काय करी ऱ्हायनी त्या डबाले? शिट्याच मारस तो!" तिला आई म्हणायचं, माय नाही, हा तुमचा हुकूम. तुम्ही गेल्यावर चौदाव्या दिवशी मी तो मोडला.

दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. नवी पट्टी एकटी पहिल्या खाचेत घातली: यंत्र चालू. जुनी एकटी पहिल्या खाचेत: चालू. दुसऱ्या खाचेत कुठलीही घाला, शिट्टी. म्हणजे पट्ट्या दोन्ही निर्दोष, खोड त्या जागेत. हे कळायला मला एक अख्खी दुपार लागली. तुम्हाला जन्मभर कळलं नसतं, कारण तुमच्या वर्गात खोड नेहमी पोरात असायची, जागेत कधीच नाही.

तिसरीत होते मी. मधल्या सुटीत पाटी पडली, फुटली, आणि मी रडत तुमच्यापुढे आले. "गुरुजी, मन्ही पाटी फुटी गयी!" तुम्ही हजेरीतून मान वर केलीत. "माझी पाटी फुटली, असं म्हण. मग रड." आणि म्हणता येईना तेव्हा बाहेर उभं केलंत, तुकडे हातात तसेच. मी तरी घरी तुमच्याच ताटाशेजारी जेवत होते. डोंगरातून आलेली दोन भावंडं घरी पावरी बोलायची, त्यांना मराठी आणि अहिराणी दोन्ही परकी. ती वर्षभर ओठ मिटून बसली आणि एके दिवशी यायचीच थांबली. तुम्ही त्यांची नावं हजेरीतून कापलीत. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

आणि असा माणूस म्हातारपणी अहिराणीचे शब्द गोळा करतो! मला कळलं ते दसऱ्याला. सासरहून आले होते. तुम्ही दर दसऱ्याला डब्याचं झाकण उघडून, रंगाच्या ब्रशने धूळ झाडून, आत कुंकवाचं बोट टेकवायचात. "बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावणं म्हणजे कपाटाची पूजा." झाकण उघडण्याआधी पडद्यावर यादी होती. मी ती वाचते आहे तोवर आत्या पाणी मागायला आली, मी म्हटलं, "बस, मी आनस." आणि तुम्ही चार पाहुण्यांसमोर म्हणालात, "आणते. शुद्ध बोल, लग्न झालं तुझं." मी पडद्याकडे बोट दाखवलं. मग हे काय आहे?

"तो अभ्यास आहे," तुम्ही म्हणालात. "बोलणं वेगळं."

टोमणे लिहून पोट भरणारी बाई मी, पण इतकं चोख वाक्य मला आजवर सुचलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुमचा फोन आला. फाइल फार मोठी झाली, उघडताना अडकते, म्हणून नवी मेमरी आणली, पण ती घातली की यंत्र शिट्ट्या मारतं. "तू येशील तेव्हा बघशील का?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलंत. मी म्हटलं, "वर्गाबाहेर उभं करा त्याला." तुम्ही थोडं हसल्यासारखं केलंत. त्यानंतर तो डबा कुणी चालू केलेला मायला आठवत नाही.

काल टॉर्च धरून दुसऱ्या खाचेत पाहिलं. तळाशी तांदळाची एक कणी, कुंकवाने लाल, वाळून दगड झालेली. सुईने काढली. मायला हाक मारून दाखवली, म्हटलं, पाहा, तुझ्या नवऱ्याच्या पूजेनं त्याचंच यंत्र मारलं. माय माझ्याकडे बघत राहिली.

दोन्ही पट्ट्या घातल्या. शिट्टी नाही. फाइल उघडली. अ पासून म पर्यंत भरगच्च, य पासून पुढे काही नाही. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि उदाहरण म्हणून एक वाक्य. म मध्ये खाली खाली गेले. "मन्ही : माझी. उदा. मन्ही पाटी फुटी गयी." मग मागे जाऊन सगळी उदाहरणं वाचली. अर्धी मायची, अर्धी माझी. वाटलं, डबा उचलून तापीत टाकावा. म्हणजे तुम्ही ऐकत होतात! शब्द न् शब्द लक्षात होता, आणि तरी उभं केलंत. हे न ऐकणाऱ्या माणसापेक्षा वाईट आहे, नाना. हे मी माफ करत नाही. आत्ताही नाही, या कागदावरही नाही.

पण दसऱ्याचं वर मी अर्धंच सांगितलं. भांडण वाढू नये म्हणून मायने पूजेचं ताट पुढे केलं आणि तुम्ही मला म्हणालात, "टाक अक्षता." तुम्ही स्वतः चार दाणे मोजून पत्र्याच्या कडेवर ठेवायचात, आत कधीच नाही. मी मूठ भरून घेतली आणि उघड्या डब्यात फेकून मारली. तुम्ही ब्रशने वेचत बसलात. काल माय शेवटी एवढंच म्हणाली, "तूच फेकी व्हती ना मूठ, दसराले."

आजपासून माय शब्द सांगते आहे आणि मी य पासून टंकते आहे. कणी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. ती तुमची नव्हती, नाना. मन्ही व्हती.