जय भीम घालताना सरकलेली तार

नागपूर, ११ नोव्हेंबर २००६

आई, तुले उर्वशीचा जय भीम. बाबा चांगले हायेत, हे आधी ध्यानात ठेव, मंगच पुढचं वाच.

सोमवारी बाबाच्या छातीत मशीन बसवली. काळजाच्या दोन बाजू मागंपुढं चालत होत्या. त्या संगं चालाव्या म्हणून शिरेतून तीन तारा काळजात सोडल्या. डॉक्टरनं बजावलं होतं, डावा हात खांद्याच्या वर नेऊ नोका. बाबानं मान हलवली.

काल दारव्ह्याहून श्रावणमामा आले. दारातूनच त्याहिनं जय भीम घातला. बाबानं दोन्ही हात पार डोक्याच्या वर नेऊन जोडले, घरी जोडतात तसेच.

थोड्या वेळानं पाह्यलं त चादर हलून राह्यली. बाबाचं पोट ठोक्याठोक्याले उडत होतं, आई! डॉक्टर म्हने, डावीकडची तार सरकली, तिचा करंट पोटावरच्या पडद्याले लागून राह्यला. नुसता हात वर केल्यानं? एवढ्यानं?

आज तार पुन्हा बसवली. पोट शांत हाय, चहाही मांगतला. मामाले काही बोलू नोको, ते बाहेर बसून रडत होते. तू येळेवर जेवून राह्यली ना? कापूस वसरीतच हाय का अजून?

सकाळी तार बसवायले आत नेताना डॉक्टरनं धीर द्यायले "बाबा, जय भीम" म्हटलं. बाबाचा डावा हात लगेच निघाला वर! मी दोन्ही हातानं दाबून धरला.

गावातून कोनी येनार असन त सांगून ठेव, बाबाच्या वाटचा जय भीम सध्या मी घेऊन राह्यली.

तुही उर्वशी