गार आंबील, डाव्या गालाचा चट्टा

२६ डिसेंबर, शुक्रवार

रक्त थांबलं. सकाळपासून चार वेळा आरशात पाहिलं – थांबलंय.

काल दोन किडके दात काढून तिथं जबड्यात नव्या दातांसाठी स्क्रू बसवले. त्याची भीती नव्हती. मस्कतला हे काम आवाक्याबाहेरचं, म्हणून शाळेच्या सुट्टीत इकडं आले. गंमतच – एकोणीस वर्षं मस्कतात शिकवतेय आणि दात करायला आले ते मायदेशी, कोल्हापुरात!

पण काम संपता संपता डॉक्टर संयोगिता थांबल्या. दिवा जवळ ओढला. "विद्याश्रीताई, डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतोय. किती दिवस आहे?" मला माहीतच नव्हतं! "एक छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवते. बहुतेक काही नसेल."

बहुतेक.

रिपोर्टला आठ-दहा दिवस. मस्कतला सोमेशना फोनवर फक्त स्क्रूंचं सांगितलं, नवऱ्याला उगाच घोर नको.

२७ डिसेंबर

पातळ, गार, बिनतिखट. स्ट्रॉ नाही, जोरात चूळ नाही, चावायचं तर नाहीच. डॉक्टरांच्या सूचनांचा हा कागद पर्समध्ये घेऊन जेवायला बाहेर पडले. लॉजवर फक्त चहा मिळतो, तोही वाफाळता.

राजारामपुरीत एका हॉटेलात दहीभात विचारला. वेटर म्हणाला, "मॅडम, मिसळ घ्या की! कमी तिखट करतो." त्याचं कमी तिखट मला ठाऊक आहे. ओढणीआडून बोलले, दात काढलेत. "मग रस्सा पिवा की नुसता!"

शेवटी आईस्क्रीम. सगळे मिसळीवर घाम पुसत होते आणि मी कोपऱ्यात लहान पोरासारखी कप चाटत होते. जीभ सारखी त्या चट्ट्याकडं जाते. खरखरीत लागतो. काल लागत नव्हता की लक्ष नव्हतं?

२८ डिसेंबर

केळं कुस्करून. दूध. पुन्हा केळं. आता केळ्याचा वाससुद्धा नको.

२९ डिसेंबर, सोमवार

आज जेवले!

लॉजमागच्या गल्लीत शाकाहारी खानावळ आहे. पाच टेबलं. मी दारातच उभी होते, आत जावं की नको. चुलीपाशी बसलेली बाई तिथूनच ओरडली, "पावणं, तोंड झाकून का हुबा ऱ्हायलाय? आत या की!"

अंबूबाई नाव. साठीच्या असतील. निपाणीकडच्या, बोलताना मध्येच कानडी येतं. दात काढल्याचं सांगितलं तर हसल्या नाहीत. वाडग्यात ज्वारीची आंबील ओतली, ताक घातलं, वाडगं गार पाण्याच्या परातीत ठेवलं. "जरा दम धरा. निवू दे." मग स्वतः बोट बुडवून पाहिलं – "हां. आता घ्या."

पहिले दोन घोट किती बरे वाटले. तिसऱ्याला माझे वडील, अप्पा आठवले. शेवटचे तीन महिने ते हीच खायचे. मी चमच्यानं भरवायची, निम्मी बाहेर यायची. त्यांच्या गालातही सुरुवातीला असाच एक चट्टा होता. ते तंबाखू खायचे, मी सुपारीसुद्धा खात नाही, हे स्वतःला दहा वेळा सांगितलं.

वाडगं तसंच ठेवून उठले. अंबूबाई म्हणाल्या, "आवडली न्हाय व्हय?" काय सांगणार!

३० डिसेंबर

दोन्ही वेळा तिथंच. मुगाची खिचडी, हातानं घोटलेली, एक दाणा अख्खा नाही.

"चमचा आडवा धरा. उजव्या बाजूनं घाला. जिभंनं टाळूला दाबायचं आनी गिळायचं. दाताचं काम न्हाय."

डॉक्टरांनीही एवढं समजावलं नव्हतं. या बाईला कसं ठाऊक?

३१ डिसेंबर

दवाखान्याचा नंबर फोनवर दिसला. वाजू दिला. तीन वेळा वाजला. मग मेसेज – उद्या अकरा वाजता टाके काढायला या.

एवढंच होतं!

१ जानेवारी, गुरुवार

टाके निघाले. जखम छान भरतेय म्हणे. रिपोर्ट नाही, नाताळची सुट्टी होती लॅबला. सोमवारी येईल.

सोमेशचा व्हिडिओ कॉल आला. मी सूज आहे म्हणाले आणि फोन कानाला लावला, चेहरा दिसू नये म्हणून. "काय झालंय का, विद्या?" "काही नाही हो. बोलायला त्रास होतो." सव्वीस वर्षांत इतकं मोठं खोटं बोलले नव्हते.

२ जानेवारी

आज कळलं अंबूबाईंना कसं ठाऊक ते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या माझ्यासमोर जेवायला बसल्या. त्यांच्याही ताटात आंबीलच! सगळ्यांना भाकरी-ठेचा वाढणारी बाई स्वतः आंबील पिते? म्हटलं, उपास का? "कसला उपास! दोन वरसं झाली, हेच. तिखट झोंबतंय. आनी तोंड उघडत न्हाय हो, घास जाईत न्हाय."

उघडून दाखवलं. दोन बोटंसुद्धा जाणार नाहीत. आत गाल पांढुरका, ताठ, आणि मागं एक लालभडक जागा. मी चमचा खाली ठेवला.

"मिश्री लावतीया लहानपनापास्नं. आमच्यात समद्याच लावायच्या." भाजलेल्या तंबाखूची डबी कमरेलाच होती.

हात धुऊन निघून आले. माझा चट्टा शेंगदाण्याएवढाही नाही आणि मी आठ दिवस मरतेय. आणि तिथं गप्प बसले! भित्री.

३ जानेवारी

सांगितलं. नीट सांगता आलं नाही. "अंबूबाई, हे दाखवायला पाहिजे, माझ्या वडिलांना..." एवढंच बोलले असेन.

कढईवर झारा आपटला त्यांनी. "माज्या तोंडात काय हाय ते तुमी बघू नगा! जेवायला आलाय, जेवा आनी जावा!" सगळी टेबलं आमच्याकडं बघत होती.

न जेवता आले. दुधात पाव भिजवून खाल्ला.

४ जानेवारी, रविवार

जायचं नाही ठरवलं होतं. गेलेच.

अंबूबाईंनी बघितलं. दहीभात कालवून समोर ठेवला. निम्मा झाल्यावर मी ओढणी बाजूला केली आणि सगळं सांगून टाकलं – माझा चट्टा, कापलेला तुकडा, उद्याचा रिपोर्ट. नवऱ्याला सांगितलं नाही तेसुद्धा. या जगात पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते या बाईला, जिचं आडनावही मला माहीत नाही.

त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली.

"तुमी बी भ्यालाय व्हय?"

"हो. फार."

"मालक गेल्यावर मी एकदा दवाखान्याच्या दारापतोर गेलती. परत आली. लेक इचलकरंजीला दिलीया, तिला काय सांगू?" मग एकदम – "उद्या किती वाजता जायाचं हाय तुमाला?"

"अकरा."

"मी बी येते. न्हाईतर मी काय एकटी जाईत न्हाय."

५ जानेवारी, सोमवार

माझ्या रिपोर्टमध्ये काही नाही! तुटलेल्या दाताची कड गालाला घासत होती, त्याचा चट्टा. दात गेला, आता तोही जाईल. खुर्चीत बसल्या बसल्या रडले. अंबूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. "बघा, झालं की न्हाय चांगलं!"

मग त्या खुर्चीत बसल्या. आत जाताना माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही, वळ उठलेत. डॉक्टर संयोगिता माझ्याशी बोलताना हसत होत्या. अंबूबाईंच्या तोंडात पाहिलं आणि हसणं थांबलं. गळ्यालाही हात लावून पाहिला. तुकडा घेतला. "तातडीनं पाठवते. शुक्रवारी दोघी या."

माझी भीती गेली असं वाटलं होतं. गेली नाही. तिनं फक्त जागा बदलली.

६ जानेवारी

सोमेशना सगळं सांगितलं. आधी रागावले, मग रिपोर्ट दोनदा वाचून दाखवायला लावला. "पुन्हा असं करू नकोस." नाही करणार.

७ जानेवारी

अंबूबाईंनी डबी मोरीत उपडी केली. आज माझ्यासाठी मऊ भाकरी, दुधात कुस्करून. तेरा दिवसांनी भाकरी! मी खात होते, त्या दाराकडं बघत होत्या. पोस्टमन आला तरी दचकल्या.

"तुमी शुक्रवारीच जानार न्हवं?"

दुपारी दोनला दवाखाना, संध्याकाळी मुंबईची गाडी, शनिवारी विमान, रविवारी शाळा – तिकडं सुट्टी शुक्रवार-शनिवारी. सगळं नीट बसतंय, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. बसतंय म्हणताना मलाच कसंतरी झालं.

८ जानेवारी

बॅग भरली. दोनदा उघडली. अंबूबाईंना भ्यायचं कारण मी दाखवलं. त्या दिवशी गप्प बसले असते तर त्या आज परातीत भाकरी थापत, ओरडत, मजेत असत्या. आणखी किती दिवस, हा प्रश्न आहे. तरी.

९ जानेवारी, शुक्रवार

कॅन्सर आहे. मोठ्या दवाखान्यात आजच नाव घातलं, सोमवारी भरती. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटसोबत कोण राहणार? नातं काय?" मी तोंड उघडायच्या आत अंबूबाई म्हणाल्या, "तंगी हाय माझी. धाकटी भन."

इचलकरंजीला लेकीला फोन मीच केला. मग शाळेला कळवलं – रविवारी येत नाही.