स्वयंपाकघरातली फळी

प्रिय शिडीबाई,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी आज उत्तराला बसलोय, रागावू नकोस. तीनदा बसलो होतो. एकदा शाई उतरेना, एकदा चष्मा सापडेना, तिसऱ्या वेळी सगळं हाताशी होतं तरी हात चालला नाही. सातवीतून सुतारकामाला लागलेला माणूस मी, लिहिणं म्हणजे गाठाळ लाकडावर रंधा मारणं. तुझ्या मागच्या दाराची कडी नीट बसते का आता? वारा सुटला की मला तेच आठवत राहतं.

इथे सगळं जिथल्या तिथे आहे. तुझ्या आईची काठी दारामागे आहे, चपला मोरीशेजारी. ती गेली तरी मला रडू येत नाही. शेजारीण जेवलात का विचारते, मी हो म्हणतो, आणि मग खरंच जेवलो का ते आठवत बसतो. दूधवाला अजून दोन पिशव्या टाकतो. त्याला एकच टाक म्हणून सांगायचं रोज राहून जातं.

तुला मी दवाखान्यातलं सगळं सांगितलेलं नाही. आईचा खुबा मोडला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याशा पडण्याने मोडावं असं हाड राहिलंच नव्हतं, आतून विरलं होतं. मग विचारलं, या दूधदही किती घेतात? मी ठासून सांगितलं, तिला दूध सोसत नाही. हे मी पन्नास वर्षं सांगत आलो, कारण ती तसं म्हणायची. पहिला पेला मला, का तर मी फळ्या उचलतो. मग तुम्हा दोघा भावंडांना. शेवटी पातेलं पाण्याने विसळून ते ती स्वतःच्या चहात ओतायची. त्या दुपारी नर्सने दह्याची वाटी आणली. मी परत न्या म्हणणार, तोवर हिने ओढून घेतली, चमचा चाटूनपुसून खाल्ली, आणि म्हणाली, "अजून एक मिळेल का?"

नंतर बाईंनी तिची उंची विचारली. मला पाठ होती, ओट्यावरची फळी मीच तिच्या मापाने लावलेली. त्यांनी तिला निजल्यानिजल्या मोजलं तर उंची अडीच इंच कमी भरली. पाठीचे मणके दबत जातात म्हणाल्या, आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही. माझ्या लक्षात आलं होतं, शिडी, फक्त अर्थ कळला नाही. फळी वर गेलीय हो, असं ती हसत म्हणायची आणि मी लगेच स्क्रू काढायला बसायचो. आधी एक इंच खाली घेतली, काही वर्षांनी आणखी एक, मागच्या साली पाऊण. बुजवलेली भोकं अजून दिसतात, एकावर एक तीन ओळी. बेरीज पावणेतीन होते. पाव इंच तिचा हात थकला असेल, की माझं माप चुकलं, काय माहीत. दर वेळी चहा पाजून वर म्हणायची, घरात कारागीर असला की बरं असतं. आणि मी फुगायचो.

बाईंनी कागद दिलाय. रोज दूध किंवा दही. दूध नको असेल तर तीळ, हिरव्या पालेभाज्या, काट्यासकट खायचे बारीक मासे. पालकावर विसंबू नये, त्यातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. थोडं ऊन, थोडं चालणं. गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. बापाने लिहू नये, पण पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने झिजतात, तेही त्यात आहे. तू त्रेपन्नची झालीस.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: बाबा, याल तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातली फळी दोन बोटं खाली घ्या, हल्ली हात पुरत नाही. ती वाचून मी पत्र मिटलं ते आज उघडलं. ती फळी बारा वर्षांपूर्वी मीच लावली, तुला उभी करून, तुझ्या हाताच्या मापाने. लाकूड भिंतीवर चढत नाही ग. आणि आईच्या दिवसांना इथे होतीस तेव्हा पातेलं विसळून चहात ओतताना मी तुला पाहिलं. मी येईन, पण फळीला हात लावणार नाही. दाराच्या चौकटीवर तुझी विसाव्या वर्षाची पेन्सिलची खूण आहे, आज पुन्हा मोजली: पाच फूट चार इंच दोन सूत, म्हणून तर तू घरातली शिडी. अनवाणी भिंतीला टेक, जावईबापूंना डोक्यावर पुस्तक सपाट धरून खूण करायला सांग. मग डॉक्टरांना दाखव. आणि उद्यापासून दह्याची पहिली वाटी तुझी. जो आकडा येईल तो खरा कळव, माझ्यासाठी वाढवून सांगू नकोस. दोन ओळी पुरेत, पण लवकर पाठव. मी रोज दाराशी जाऊन बघेन.

तुझाच,
बाबा