अप्पांनी माझी सायकल चालवली

रविवार, सांजच्याला, मेहकर

आज अप्पांना पाडलं मी. कडब्याच्या गंजीत पाडलं, लागलं न्हाई काई. पण पडल्यावर बी त्येंचे पाय वरच्या वर फिरतच होते, ते डोळ्यापुढून जाईना.

सकाळी सायकल संघटनेच्या सायबाचा फोन आला. चाचणीत मी पहिली आले तरी संघात दुसरीच पोरगी घेतली, म्हणून मी तक्रार केली होती. तवापासून मला ट्रॅकवर येऊ देईनात. साहेब म्हणले, तक्रार मागं घे, शिबिराला बोलावतो.

अप्पा दिसभर मागं लागले. "घे की मागं. जरा थांबलं तर काय बिघडायलंय?"

म्हणलं, बसून बघा माझ्या ट्रॅकच्या सायकलीवर. तिला ब्रेक नसतो, अन् चाक फिरतंय तोवर पायडल बी फिरतंय, हे सांगितलंच न्हाई. सांगायचं होतं का? अप्पा पाय थांबवाय गेले अन् सायकलीनं उचलून फेकलं. ते फिरणारे पाय...

"कसलं जनावर हाय गं हे?"

दोघं बी लई हसलो. मग अप्पांनी इचारलं.

"तक्रार मागं न्हाई घेतली तर?"

"परत कवाच बोलवायचे न्हाईत."

"अन् तू घेणार न्हाईस."

"न्हाई."

समोर करडई पिवळी, ऊन बी पिवळं. दोघं झोपेत बसल्यावानी वाटायलं. अप्पा उठले, कडबा झटकला.

"ट्रॅक न्हाई तर रोज याच टायमाला चालवत जा रस्त्यावर. रस्त्यात येणाऱ्या म्हशी मी आडवतो."